लांब्या जे बोललाच नाही

मी एका परदेशी माहितीपटाचं परीक्षण लिहिलं आणि त्यातलं प्रत्येक चांगलं वाक्य चुकीच्या माणसाच्या नावावर छापलं. ज्याची ती वाक्यं होती, त्याचा उल्लेख त्याच परीक्षणात मी ‘पडद्याशेजारी उभे राहून अडथळा करणारे एक पी.टी. मास्तर’ असा केला. या परीक्षणापायी नाशकातल्या एका मुलींच्या शाळेचं बास्केटबॉलचं मैदान गेलं. बाकी परीक्षण चांगलं उतरलं होतं, असं आमचे संपादक म्हणाले.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि गावातल्या एका साप्ताहिकात ‘साक्षेपी’ या टोपणनावाने सिनेमा-नाटकांवर लिहीत असे. हे नाव मीच निवडलं होतं. दुसऱ्या कुणाला माझ्याकडे बघून ते सुचलं नसतं.

त्या पी.टी. मास्तरांचं नाव गांगुर्डे. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. बास्केटबॉल शिकवणाऱ्या माणसाची ही उंची पाहून लोकांच्या चेहऱ्यावर काय येतं, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे समोरच्याने विचारायच्या आत ते उत्तर देऊन मोकळे होत. “रिंग सगळ्यांनाच उंच असते. मला जरा जास्त उंच. एवढाच फरक हाय.”

ते विंचूरकडच्या एका खेड्यातले. प्रार्थनेच्या वेळी व्यासपीठावर शुद्ध बोलत. मैदानावर पाय पडला की भाषा गावाकडे निघून जाई. गळ्यात शिट्टी कायम असायची, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. मी एकदा कारण विचारलं.

“शिट्टी वाजली की पोरी माझ्याकडं बघत्यात. माझ्याकडं बघून काय मिळणार? बघायचं ते तिकडं.”

शाळेकडे बॉल दोनच होते, आणि त्यातला एक गोल म्हणण्यासारखा उरला नव्हता. म्हणून सर कांदे आणत. सायकलच्या हँडलला कांद्यांची पिशवी अडकवून सकाळी साडेसहाला हजर. मुली दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून एकमेकींकडे कांदे फेकत. नियम एकच होता: कांद्याला डाग पडता कामा नये. येणारा कांदा घेताना हात त्याच्याबरोबर थोडा मागे न्यावा लागतो, नाहीतर तो आतून दुखावतो आणि दोन दिवसांनी मऊ पडतो. विंचूरच्या बाजारात पोती उतरवणाऱ्या हमालांना हे शिकवावं लागत नाही. “बॉल बोलत नाय,” सर म्हणत, “कांदा लगेच सांगतो.” दुखावलेले कांदे शनिवारी बाजूला काढले जात. ज्या रांगेत जास्त निघतील त्या रांगेने ते चिरायचे. डोळे पुसत कांदा चिरणाऱ्या मुलीला वेगळी शिक्षा लागत नसे. त्या कांद्यांची भजी मात्र सगळ्यांना मिळत.

आणि एक वही होती. कुणी किती बास्केट केले याचा त्यात पत्ता नसे. “ते फळ्यावर लिहित्यातच की!” वहीत असं काही असे: ‘मंदा – दोनदा वाट मोकळी केली. निर्मला – हात वर ठेवला, कुणी बघितलं नाही तरी.’ बॉल हातात नसताना मुलगी काय करते, एवढंच त्या वहीत यायचं. सरांच्या वहीत आपलं नाव यावं म्हणून मुली जिवाचं रान करत. जिल्ह्याचा बिल्ला मिळाला तरी त्यांना तेवढं वाटत नसे.

मंदा ही संघाची कप्तान. पेठकडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी, सरांहूनही चणीने लहान आणि तोंडाने तिखट. तिचं नाव इथेच लक्षात ठेवलेलं बरं.

तर त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं की बास्केटबॉलच्या मैदानावर सायकल स्टँड बांधायचा. मुलींच्या सायकली वाढल्या होत्या हे खरं. अध्यक्षांचं म्हणणं, “बास्केटबॉल बारा पोरी खेळतात. सायकलवर तीनशे येतात.” याला उत्तर देणं कठीण होतं. गांगुर्डे सरांनी भांडण केलं नाही. त्यांनी कार्यकारिणीकडे एकच मागणी केली: ठराव करायच्या आधी सगळ्यांनी एक फिल्म बघावी.

मुंबईच्या एका परदेशी वाचनालयातून त्यांनी ती मिळवली होती. परदेशातला कोणी पावणेसात फुटी तरुण, व्यावसायिक संघात नुकताच आलेला. त्याच्या पहिल्या हंगामावरचा तासाभराचा माहितीपट. त्याचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून मुलींनी त्याला ‘लांब्या’ करून टाकलं होतं.

रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात, खिडक्यांना सतरंज्या लावून, फिल्म सुरू झाली. कार्यकारिणी पुढच्या खुर्च्यांवर, पालक आणि संघातल्या मुली मागे, आणि मी ‘साक्षेपी’ म्हणून खास बोलावलेला, मधल्या वाटेच्या कडेला. शाळेच्या प्रोजेक्टरमधून चित्र यायचं, आवाज यायचा नाही. तो कित्येक वर्षं येत नव्हता. म्हणून गांगुर्डे सर पडद्याशेजारी कागदांची चळत घेऊन उभे राहिले आणि मराठीत सांगू लागले. मध्येच एक कागद मागे सारत. मी मनाशी म्हटलं, वाचनालयाने इंग्रजी निवेदन टंकून पाठवलेलं असणार आणि मास्तर बिचारे त्याचं तोडकं मोडकं भाषांतर करताहेत.

पडद्यावर लांब्या बाकावर बसलेला. सामना चाललाय, त्याला कुणी आत घेत नाही.

“नवा हाय,” सर म्हणाले. “अजून त्याचा भरवसा कुणाला नाय. पण गुडघे बघा त्याचे. माणूस बाकावर हाय, गुडघे खेळतायत.”

आम्ही सगळ्यांनी गुडघे बघितले. खरंच, ते खेळत होते.

मग लांब्याला आत घेतलं आणि पहिल्याच धावेत तो आडवा झाला. हॉलमध्ये हशा पिकला. सर थांबले, हसू संपू दिलं.

“पडला म्हणजे काय झालं? जमीन किती लांब हाय ते कळलं. आता त्याला भ्यायचं कारण नाय.”

आणि पुढे, लांब्या मैदानाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात पळतोय, बॉल तिसरीकडेच आहे, असं एक लांबलचक दृश्य होतं. मी डुलकीला लागलो होतो. तेव्हा सरांचा आवाज आला, एकदम हळू:

“बॉल हातात असला की सगळेच शहाणे असत्यात. हात रिकामे असताना माणूस काय करतो ते बघा. त्याच्यावरून तो कोण हाय ते कळतं.”

माझी झोप उडाली. माझ्या शेजारी एक आई बसली होती, तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढे सरकून बसली. अध्यक्षांनी पानाचा डबा उघडला होता, तो तसाच मांडीवर राहिला. फिल्म संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अध्यक्ष चक्क म्हणाले, “गांगुर्डे, स्टँडचं बघू काहीतरी. मागच्या भिंतीकडे होतो का ते पाहू.”

तिथे सगळं जुळून आलं होतं. साक्षेपीने फक्त घरी जाऊन गप्प झोपायचं होतं.

साक्षेपी रात्रभर लिहीत बसला. गुरुवारी परीक्षण छापून आलं. त्यातला एक उतारा मला आजही पाठ आहे, कारण लोकांनी तो मला वारंवार ऐकवलेला आहे: “‘हात रिकामे असताना माणूस काय करतो ते बघा’ हे या चित्रपटातील वाक्य पाश्चात्त्य चिंतनाची उंची दाखवते. पडद्याशेजारी उभे राहून अडथळा करणाऱ्या एका पी.टी. मास्तरांचे भाषांतर गावठी होते, तरी मूळ इंग्रजीचे तेज त्यातून लपत नव्हते. खेळाकडे या नजरेने पाहणारा शिक्षक आपल्या मातीत जन्मायला अजून पन्नास वर्षे जावी लागतील. तोवर आपल्या वाकड्या रिंगांखाली चालते ते केवळ अनुकरण होय.”

शुक्रवारी कार्यकारिणीची बैठक होती. तिथे काय झालं ते शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मला पुढे सांगितलं. अध्यक्षांनी साप्ताहिक उघडलं आणि हा उतारा मोठ्याने वाचला. ‘पन्नास वर्षे’ पाशी थांबले. म्हणाले, “बघा, पेपरवालेच सांगतात. पन्नास वर्षांनी मैदान करू. तोवर सायकली कुठे ठेवायच्या?”

गांगुर्डे सर समोर बसलेले. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं. ‘ते शब्द माझे आहेत’ एवढंच. ते बोलले नाहीत. ठराव झाला.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्या वाक्याच्या प्रेमात पडलो होतो. चहाच्या टपरीवर, कचेरीत, सासुरवाडीत, जिथे जाईन तिथे ते ऐकवी. मूळ इंग्रजीत ते कसं असेल, याची एक आवृत्तीसुद्धा मी तयार केली होती आणि ती जरा नाकातून म्हणून दाखवत असे. शेवटी न राहवून आमच्या फिल्म सोसायटीत, जिचा मी सहचिटणीस होतो, तोच माहितीपट मागवला. आमच्याकडे आवाजाचा प्रोजेक्टर होता. सभासदांना पत्रक काढलं: ‘खेळातून जीवनचिंतन. निवेदनाकडे विशेष लक्ष द्यावे.’

सभासदांनी विशेष लक्ष दिलं.

पडद्यावर लांब्या बाकावर बसला. गुडघे खेळू लागले. आणि इंग्रजी निवेदक उत्साहाने सांगू लागला की या स्टेडियममध्ये किती हजार माणसं बसतात. लांब्या पडला, तेव्हा बँड वाजत होता. मी पुढे झुकून बसलो. ते लांबलचक दृश्य आलं, कोपऱ्यातलं, रिकाम्या हातांचं. निवेदक म्हणाला की या खेळाडूच्या मापाचे बूट बाजारात मिळत नाहीत, ते खास बनवून घ्यावे लागतात. मग लांब्याची आई त्याला न्याहारीला काय देते ते आलं. मग चित्रपट संपला.

दिवे लागले. पहिल्या रांगेतले एक निवृत्त प्राध्यापक सावकाश वळले. “साक्षेपी,” ते म्हणाले, “तुमचा पिक्चर दुसरा होता का हो?”

माझा पिक्चर दुसराच होता. तो पडद्यावर नव्हता, पडद्याच्या शेजारी पाच फुटांना दोन बोटं कमी असा उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढून शाळेत गेलो. मैदानावर पत्र्याची शेड उभी होती आणि सायकली ओळीने लागलेल्या होत्या. शिपाई म्हणाला, “गांगुर्डे सर ना? इंदिरानगरला बघा. रस्त्यावर असतील.”

रस्त्यावर म्हणजे खरंच रस्त्यावर. इंदिरानगर तेव्हा नुसतं आखलेलं होतं. प्लॉट पाडलेले, रस्ते डांबरी झालेले, आणि घरं मात्र कुठेतरी एखादं. सरांनी एक चौक धरला होता. डांबरावर फक्कीने रेघा ओढलेल्या, आणि सिमेंट भरलेल्या ड्रममध्ये लोखंडी खांब रोवून त्याला रिंग लावलेली. एखादी बैलगाडी आली की बारा मुली मिळून ड्रम कलता करून कडेला लोटत आणि गाडी गेली की पुन्हा मध्ये आणत. गाडीवानाला सर रामराम करत, जणू तोच उशिरा आलेला खेळाडू.

मला पाहून मंदा म्हणाली, “सर, अडथळा आला.”

मी सगळं सांगितलं. कालचा खेळ, बूट, न्याहारी. “ती वाक्यं तुमची होती सर?”

सर वहीत काहीतरी लिहीत होते. ते लिहून झाल्यावर म्हणाले, “आवाजच नव्हता तर दुसऱ्या कुणाची आसणार?”

“आणि ते कागद?”

“चित्रकलेच्या परीक्षेचे कोरे उरले होते. हातात कागद असला की लोकांचा विश्वास बसतो. चार वेळा फिल्म बघितली आधी, भिंतीवर. जे दिसलं ते सांगितलं.”

“मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? एक शब्द बोलला असतात तर मैदान राहिलं असतं!”

त्यांनी मुलींकडे बोट केलं. मग म्हणाले, “या पोरींना वाटतंय, तेवढा लांब्या, तेवढा मोठा, त्याला पण बाकावर बसावं लागलं आणि तो हे असं शिकला. ते त्याचं म्हणून त्यांच्या मनात बसलंय. मी तिथं उठून म्हणू का, की त्याचं नाय, माझं हाय? पास दिलाय मी तो. दिलेला पास परत मागायचा नसतो.”

मी कारकून माणूस. आमच्या खात्यात एखाद्या टिपणीखाली दुसऱ्याची सही पडली तर तीन महिने पत्रव्यवहार चालतो. इथे एक माणूस आपल्या आयुष्याचं सार एका परक्याच्या नावावर ठेवून, मैदान गमावून, डांबरावर फक्की मारत होता, आणि वर मला विचारत होता, “चहा घेणार का?”

इथे खरं तर मी थांबायला हवं होतं. सरांनीही बजावलं होतं, “कुठं बोलू नका.” पण चूक निस्तरायची ज्याला हौस असते, तो नवी चूक केल्याशिवाय राहत नाही. मी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या घरी गेलो आणि आवेशाने सांगितलं की ते थोर विचार गांगुर्डे सरांचेच होते. त्यातला एकही शब्द फिल्ममध्ये नव्हता.

अध्यक्षांनी चष्मा काढला. “म्हणजे मास्तर आमच्यासमोर तासभर खोटं बोलत होते?”

मी म्हणालो, “तसं नाही...” पण ते तसंच झालं होतं. आठवड्याभरात सरांना मेमो मिळाला. कार्यकारिणीची दिशाभूल केल्याबद्दल लेखी खुलासा करावा. समाधानकारक नसल्यास कारवाई. आता मैदान तर गेलंच होतं, नोकरीवर आलं होतं.

मी सरांच्या घरी गेलो. वसाहतीतल्या दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि खुंटीला शाळेतली जुनी वाकडी रिंग. सरांच्या बायकोने, काकूंनी, तिला धुतलेल्या पिशव्या वाळत घातल्या होत्या. मी कोरे कागद आणि शाईचं पेन घेऊन गेलो होतो. म्हटलं, खुलासा मी लिहून देतो, मसुदे हा माझा हातखंडा.

काकू आतून म्हणाल्या, “नको बाई! तुमचंच लिहिणं भोवलंय.”

सरांनी खुलासा स्वतःच लिहिला. त्याची नक्कल मोठ्या बाईंनी पुढे मला दिली, ती अजून माझ्याकडे आहे:

‘महोदय, मला इंग्रजी येत नाही. शाळेच्या प्रोजेक्टरला आवाज नाही. पडद्यावर खेळ चालला होता आणि खेळ मला येतो. मला जे दिसले ते मी सांगितले. त्या खेळाडूने तसे म्हटले नसल्यास त्याने ते म्हणायला हवे होते. कळावे.’

मोठ्या बाईंनी हा खुलासा बैठकीत वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, “तेव्हा टाळ्या आपण कुणाला वाजवल्या होत्या?” अध्यक्ष बराच वेळ पानाचा डबा उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, “शेड अर्धी सरकवा. अर्धं मैदान देऊन टाका त्यांना.” मेमोचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

अर्धं मैदान म्हणजे एकच रिंग. मी हळहळलो. सर खुशीत होते. “सगळ्या पोरी एकाच रिंगखाली असल्या की कोण काय करतंय ते नीट दिसतं. आधी मान लय फिरवावी लागायची.”

त्या हिवाळ्यात मुलींचा सामना येवल्याला होता. सर म्हणाले, “तुम्ही चला. तुमची एक परीक्षा घ्यायची हाय.”

आम्ही एस.टी.ने निघालो. गाडी अर्धी रिकामी होती, तरी बाराही मुली मधल्या जागेत उभ्या. गुडघे किंचित वाकलेले आणि दांडीला कुणाचाही हात नाही. सर त्यांच्या पुढे तसेच. कंडक्टर वैतागला.

“ओ मास्तर, पोरींना बसवा की! जागा हाय ना!”

“जागा हाय म्हणून तर उभ्या हायेत. गर्दीत कुणीही उभं राहतं. टेकायला माणसं असतात.”

खड्डा आला की मुली लव्हाळ्यासारख्या झुकायच्या आणि सरळ व्हायच्या. निफाडपर्यंत मी बसून बघितलं. मग मलाही वाटलं, यात काय एवढं? उठलो, गुडघे वाकवले, दांडी सोडली. विंचूरच्या वळणावर मी एका आजीबाईंच्या टोपलीत जाऊन बसलो. टोपलीत कोंबड्या होत्या. मी, कोंबड्या आणि आजीबाई असा सगळ्यांचा एकदम आवाज झाला.

“कळली का जमीन किती लांब हाय?” सरांनी मागे न बघताच विचारलं.

येवल्याला त्यांनी मला आपल्या शेजारी बाकावर बसवलं. परीक्षा अशी होती: पूर्ण सामना फक्त मंदाकडे बघायचं. बॉल कुठेही जाऊ दे. मी म्हटलं, सोपं आहे.

ते सोपं नव्हतं. मान आपोआप बॉलकडे जायची. सर नुसतं “मंदा” म्हणत आणि मी मान वळवून आणी. पण हळूहळू एक गोष्ट घडली. बॉल विसरला गेला आणि मंदा दिसू लागली. ती पळत एका जागी जायची, दोन पोरी तिच्यामागे ओढल्या जायच्या, आणि ती मुळात होती ती जागा रिकामी पडायची. त्या रिकाम्या जागेतून निर्मला आत शिरायची. लोक निर्मलाच्या नावाने ओरडायचे. मंदा तोवर दुसरी जागा रिकामी करायला निघालेली. अर्धा वेळ झाला तोवर तिच्या हातात बॉल मोजून चार वेळा आला असेल, आणि सगळा खेळ मात्र तिने चालवला होता. मला पहिल्यांदा कळलं की त्या दुपारी सभागृहात त्या छोट्या माणसाला काय दिसत होतं. जगात बघण्यासारखं इतकं काही चाललेलं असतं, आणि आपण सगळे एका बॉलच्या मागे माना फिरवत बसलेलो असतो. मी सरांना तसं म्हणालोसुद्धा.

“बघा मग,” ते म्हणाले. “अजून संपलं नाय.”

शेवटच्या मिनिटाला दोन्ही संघ बरोबरीत होते. लोक उभे राहिले, मीही उभा राहिलो, आणि आमच्या एका मुलीच्या हातातून सुटलेल्या बॉलकडे तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तो रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. पलीकडच्यांनी तो उचलला आणि आम्ही एका बास्केटने हरलो.

सर शांत बसलेले होते. “शेवटी मंदानं काय केलं?”

मी गुणांच्या फळ्याकडे पाहिलं.

“बॉल बघत होता.”

“हो सर.”

“मग आपण का हरलो ते तुम्हाला कधीच कळायचं नाय,” ते म्हणाले आणि वही उघडून मंदाच्या नावापुढे काहीतरी लिहिलं. काय, ते मला दाखवलं नाही. परतीच्या गाडीत मंदा सगळ्यांत पुढे, दांडी न धरता उभी होती. डोळे लाल होते आणि गुडघे वाकलेले.

मग वर्षं गेली. इंदिरानगरात घरं झाली. ज्या चौकात मुली ड्रम लोटायच्या, तिथून चौथं घर आता माझं आहे. गावात टीव्ही आले, आणि लांब्यापेक्षाही लांब लोक घरबसल्या दिसू लागले. सर निवृत्त झाले. मंदा शिकून त्याच शाळेत पी.टी.ची बाई म्हणून आली. अर्धं मैदान अर्धंच राहिलं.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच, ऐंशीचं दशक संपता संपता, एका सकाळी. काचबिंदूने त्यांची नजर बहुतेक गेली होती. तरी रोज साडेसहाला कुणीतरी त्यांना मैदानाकडेच्या बाकावर आणून बसवी. गळ्यात तीच न वाजणारी शिट्टी. समोर नव्या मुली धावत होत्या, आणि ते मान जराही न हलवता बसले होते.

मी शेजारी बसून अर्धा तास खेळ बघितला, मग विचारलं, “सर, दिसतं का काही?”

“बॉल तर बिलकुल नाय,” ते म्हणाले. “बरंच झालं. त्याचा लय त्रास होता.” मग एकदम बोट वर करून मला थांबवलं. ऐकत राहिले. “मंदा! ती डावीकडची, जडशी पळणारी. तिचा उजवा पाय हलका पडतोय. दुखतोय, सांगत नाय. बाहेर घे तिला.”

मंदाने त्या मुलीला बाजूला घेतलं, बूट काढायला लावला. घोटा टम्म सुजलेला होता.

मी सरांकडे वळलो. म्हणालो, “सर, मला तुमच्यावर लिहायचंय. एवढ्या वर्षांनी तरी ती वाक्यं तुमच्या नावावर छापू द्या.”

ते हसले. माझ्या दिशेने नाही, जरा चुकीच्या दिशेला, पण मनापासून. “लिहा की. पण आधी एक सांगा. अर्धा तास झाला बसलाय. ती घोटा सुजलेली पोरगी, तिनं बॉल नसताना काय काय केलं?”

मी समोर पाहिलं. मला आठवत होता तो बॉल.

मंदा मुलीच्या पायाला पट्टी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

“सर, बोलूच नका त्यांच्याशी,” ती म्हणाली. “परत लांब्याच्या नावावर छापतील.”